वर मासे, खाली वाळू

माझा थोरला भाऊ त्सात्सू लाटा मोजतो. आमच्या त्सिकोपे गावात ही त्याची नोकरीच आहे म्हणा. होडी दर्यात लोटायची असली की बारा जण दोन्ही बाजूंनी खांदा लावून उभे राहतात आणि हा पुढे मांडीभर पाण्यात उभा राहून तोंडातल्या तोंडात आकडे म्हणतो. लाटा कळपाने येतात. चार-पाच मोठ्या एकामागून एक येऊन आपटतात, मग थोडी उसंत मिळते, मग पुन्हा कळप. त्या उसंतीत होडी फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेली पाहिजे. नाही गेली तर ती उलटते आणि माणसं तिच्याखाली सापडतात. एफोनं एकतीस वर्षांत एकही होडी उलटू दिलेली नाही. एफो म्हणजे थोरला भाऊ, मी त्याला कधी नावानं हाक मारलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल थोडं वाईटसाईट बोलणार आहे आणि माझ्याबद्दल त्याहून जास्त.

आमचं गाव म्हणजे वाळूची एक पट्टी. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खारं तळं, मधून सडक. दर्याकडून तळ्याकडे चालत जायला मला एक गाणं पुरतं. माझ्या लहानपणी दीड गाणं लागायचं. तेव्हा एफोच्या घरापुढे आणखी दोन ओळी घरं होती, शाळा होती, नारळाची झाडं होती. सगळं दर्यानं नेलं, आणि मागच्या पावसाळ्यात एफोचं घर पहिल्या ओळीत आलं. घर आणि पाणी यांच्यामध्ये उरला होता तो फक्त वाळूचा उंचवटा, माणसाच्या छातीइतका. तो लाटांनीच वर्षानुवर्षं रचलेला होता. तो मी नेला. घमेल्याघमेल्यानं, पावणेदोन वर्षं, भावाच्या नाकासमोरून.

का नेला ते सांगते. नवरा वारल्यावर सासरच्यांनी मला सहा महिने ठेवून घेतलं, मग म्हणाले की तुझ्या भट्ट्यांना इथं जागा नाही. मासे धुरी देऊन वाळवायच्या भट्ट्या त्या, माझ्या हातच्या. मी तिथल्या तिथं त्या फोडल्या, जाळ्या डोक्यावर घेतल्या आणि माहेरी आले. जाताना सासूला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एफोनं मला मागची खोली दिली आणि तळ्याच्या काठचा बापाचा तुकडाही दिला. म्हणाला, "घर बांध तुझं. पण आधी जमीन बांधावी लागेल." खरंच होतं ते. पावसाळ्यात त्या तुकड्यावर गुडघाभर पाणी असतं. चिखलावर भिंत उभी राहत नाही, जोतं कमरेइतकं उंच करावं लागतं, आणि जोत्याला लागते दर्याकडची जाडी, शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू.

आता पुळणीवरून वाळू न्यायला गावात मनाई आहे. आमचे मुखिया तोग्बुई लुमोर यांनी घंटा वाजवून तशी दवंडी दिली होती. पण रापणीचं मोठं जाळं काठावर ओढून झालं की बायका घमेली भरभरून मासे घरी नेतात, त्याला मनाई नाही. माझं जर्मनचं घमेलं चांगलं खोल आहे. खाली वाळू, तिच्यावर दोन बोटं मांदेली, झालं काम. दिवसाला दोन खेपा. वाळू घ्यायची ती होड्यांच्या मागून, एफोच्या स्वैपाकघरासमोरून, कारण तिथं होड्यांच्या आड कुणाला दिसत नाही.

मी स्वतःला फार हुशार समजत होते. पण एक दिवस सडक ओलांडताना फाफा मागून आली. ती माझ्यासारखीच धुरीवाली, शेजारीण.

"काय गं आकुयो, तुझी मांदेली आज पोटुशी आहेत वाटतं! मान बघ कशी वाकली."

"आणि तुझी गं? घमेल्यातून टपटप गळतंय ते काय? माशांना घाम सुटलाय?"

"माझ्या माशांना गळ्यापर्यंत भूक होती बाई, काहीतरी खाल्लं असेल त्यांनी," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी डोक्यावरचं घमेलं सांभाळत इतक्या हसलो की फाफाची चार मांदेली रस्त्यावर पडली. तिच्या घमेल्यात वाळूवर मासे माझ्यापेक्षाही कमी होते. त्यानंतर आम्ही तो विषय कधी काढला नाही.

मनात डाचत नव्हतं असं नाही. पण मला एक गोष्ट लहानपणापासून पाठ होती आणि ती एफोनंच शिकवली होती. पावसाळ्यात दर्या वाळू नेतो आणि कोरड्या, धुळीच्या वाऱ्याच्या महिन्यांत परत आणून देतो. मोठ्या लाटा पुळण खरवडून वाळू थोडी पलीकडे, पाण्याखाली ढीग करून ठेवतात. नंतर बारक्या लाटा येतात आणि तोच ढीग चिमूटचिमूट वर ढकलत बसतात. दर वर्षी जून ते ऑगस्टमध्ये आमची पुळण उतरते आणि जानेवारीपर्यंत पुन्हा फुगते. मग मी चार घमेली उचलली तर काय बिघडलं? येणारच होती ती परत. माझ्या वाट्याची मी जरा आधी घेतली, एवढंच.

एफोला लाटांबद्दल बोलतं करायला काही लागत नाही. तरुणपणी दोन वर्षं तो एका परदेशी मासेमारीच्या जहाजावर होता, पार दक्षिणेला, जिथं थंडीनं हातात दोर धरवत नाही. संध्याकाळी मी भट्टीवर मासे उलटत असायची आणि हा लाकडाच्या ओंडक्यावर बसून सुरू व्हायचा.

"या लाटा आपल्या नाहीत, आकु."

"मग कुणाच्या? तुझ्या सासऱ्याच्या?"

"ऐक तर. आपलं वारं बघ, पदर हलत नाही. आणि लाट बघ केवढी. ती तिकडची आहे, खालची. तिकडे वारं तीन-तीन दिवस एकाच दिशेनं पाणी कुटतं. आधी नुसत्या सुरकुत्या येतात, मग वाऱ्याला त्या सुरकुत्यांची पाठ सापडते आणि ते त्यांना ढकलत राहतं. वारं थांबलं तरी लाट चालत राहते. आठवडाभरानं इथं पोचते."

"एवढं पाणी तिकडून इकडे येतं?"

"पाणी नाही येत, बये. नारळाची करवंटी टाक पलीकडे, ती तिथंच वरखाली होत राहते. नुसता धक्का येतो. आपण रापणीच्या दोराला एका टोकाला झटका देतो तो दुसऱ्या टोकाला लागतो की नाही, दोर कुठं जातो?" मग तो आकडे म्हणायचा, एका लाटेपासून दुसरीपर्यंत किती होतात ते. इथल्या वाऱ्यानं उठलेली लाट पाच-सहा आकड्यांत येते. दुरून आलेली बारा-तेरावर. "सोळाच्या वर गेली तर पळायचं," तो म्हणायचा. "ती खोल असते. तिचे पाय खाली तळाला लागतात तेव्हा ती अडखळते, मागचं पाणी तिच्यावर चढतं आणि ती उभी राहते. दिसायला साधी, पण वर किती चढेल सांगता येत नाही."

सेनाम, त्याची बायको, आतून ओरडायची, "लाटांची लग्नं लावून झाली असतील तर जेवायला या!"

हे सगळं त्याला येत होतं. आणि आपल्या स्वैपाकघरासमोरचा उंचवटा खचतोय हे त्याला दिसत होतं. पण तो म्हणायचा की हे त्या दगडांमुळे. पश्चिमेला, चालत तासाभरावर, मोठ्या गावापुढे दगडाचे बांध बांधले होते, पाण्यात आडवे घुसवलेले. आमच्याकडे लाटा तिरप्या येतात. वर चढताना वाळू तिरपी नेतात आणि सरळ खाली ओढतात, त्यामुळे वाळूचा एकेक दाणा नागमोडी चालत पूर्वेला सरकत राहतो. तीच वाळू आमच्याकडे यायची. आता ती त्या बांधांच्या पश्चिम अंगाला अडून बसली होती. तिथली पुळण इतकी रुंद झाली की पोरं तिच्यावर चेंडू खेळायला लागली. आमच्याकडे वाळू आली नाही. धुळीच्या वाऱ्याचे महिने आले, बारक्या लाटा आल्या, त्यांनी ढकलायचं ते ढकललं, पण त्यांच्याकडेही ढकलायला फारसं काही नव्हतं.

जानेवारीत पुळण फुगली नाही हे मला कळलं. मी मूर्ख नाही. तरी मी खेपा थांबवल्या नाहीत, कारण जोतं पूर्ण व्हायला वीतभर बाकी होतं. वीतभर! आज मला त्या बाईला धरून हलवावंसं वाटतं. माझ्या खेपा थांबल्या मे महिन्यात, जोतं कमरेला लागल्यावर. त्या दिवशी मी त्याच्यावर उभी राहिले आणि तळ्याकडे बघत एकटीच जोरजोरात गायले. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनीवर चूल मांडलेली बाई मी.

ऑगस्टमध्ये, पौर्णिमेच्या उधाणाला, एफो सकाळी पाण्यात उभा राहिला आणि आकडे म्हणता म्हणता थांबला. होडीला खांदा लावलेले बाराही जण त्याच्याकडे बघत होते.

"सतरा," तो म्हणाला. "होडी मागे घ्या. सडकेवर न्या."

"अरे पण दर्या तर शांत आहे, त्सात्सू!"

"मागे घ्या म्हणतो ना!"

आभाळ निळंभोर होतं, वाऱ्याचा पत्ता नव्हता. दुपारी चारच्या भरतीला लाटा आल्या. फार उंच नव्हत्या. पण एक लाट पुळणीवर चढली की थांबेचना, चढतच राहायची. बाकी सगळीकडे उंचवट्यानं तिला अडवलं. एका ठिकाणी मात्र खाच होती, तीन होड्या मावतील एवढी, आणि सगळं पाणी तिथून आत शिरलं. एफोचं स्वैपाकघर गेलं. माझ्या भट्ट्या गेल्या. घराच्या दर्याकडच्या भिंतीचा कोपरा खालून पोखरला गेला आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली. सेनाम ओल्या पिठाचं पिंप कवटाळून सडकेवर बसून राहिली.

भरती उतरल्यावर एफो त्या खाचेत जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरून त्यानं तिची रुंदी घेतली. मला म्हणाला, "बघ, नेमकी इथंच खाल्लीय. का बरं नेमकी इथं?"

मी म्हणाले, "मला काय माहीत." हे मी माझ्या भावाला म्हणाले.

अमावास्येला पुढचं उधाण. मधे पंधरा दिवस. तेवढ्यात खाचेत दगड पडले नाहीत तर घर जाणार हे कुणीही सांगितलं असतं. जिल्ह्याच्या कचेरीला आमचं पत्र गेलं, आणि या वेळी उत्तरही दुसऱ्याच दिवशी आलं. दोन ट्रक दगड शिल्लक आहेत, देता येतील, पण तुमच्याच गावात पुळण उपसतात अशी तक्रार आहे. गावानं आधी खात्री द्यावी की आमच्यात कुणी वाळू नेत नाही. तोग्बुई लुमोरांना हे फार लागलं. म्हणाले, कागदावर अंगठे कशाला, आपण आपल्या पद्धतीनं खात्री देऊ. प्रत्येक घराचा कर्ता पाण्यावर शपथ घेईल, आणि तसं मी त्यांना लिहून कळवीन.

पाण्यावरची शपथ म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. मक्याचं पीठ पाण्यात कालवतात, आधी मातीवर ओतून पूर्वजांना देतात, मग उरलेलं शपथ घेणारा पितो. खोटं बोलला असेल तर ते पाणी त्याच्या पोटात फुगतं. माझ्या आजोळचा एक माणूस असा गेला. दवाखान्यात वेगळं काहीतरी सांगितलं होतं, पण आम्ही सगळ्यांनी त्याचं पोट पाहिलं होतं.

दर्यावर न जायच्या दिवशी सगळं गाव बदामाच्या झाडाखाली जमलं. आदल्या रात्री मी काय काय विचार केला ते सांगते, लाज वाटते तरी. शपथ झाली तर दगड येतील आणि एफोचं घर वाचेल. मी बोलले तर दगड नाहीत. एफोला काही ठाऊक नाही, मग त्याची शपथ त्याच्यापुरती खरीच की! असं मी स्वतःला पन्नासदा पटवलं. पण पाण्याला कुठं कळतं कोण जाणून खोटं बोलतंय आणि कोण न जाणून? वाळू त्याच्या घरातल्याच माणसानं नेली होती. मी त्याच्या घरात राहत होते, त्याच्या ताटात जेवत होते.

तोग्बुई म्हणाले, "ज्याचं घर सगळ्यात पुढे आहे, त्यानं आधी यावं."

एफो स्वच्छ पांढरं कापड गुंडाळून आला होता. खांदा उघडा, ताठ मान. त्यानं भोपळ्याची वाटी दोन्ही हातांत घेतली आणि मातीवर थोडं पाणी ओतलं. "माझ्या बापाच्या बापांनो, प्या," तो म्हणाला. "मी त्सात्सू. माझ्या घरातल्या कुणी पुळणीवरची मूठभर वाळू जरी नेली असेल, तर हे पाणी माझ्या पोटात..."

"एफो, पिऊ नकोस!"

मी इतक्या जोरात ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. पुढचं मला नीट आठवत नाही. पाय चालत होते एवढं आठवतं. मी जाऊन त्याच्या हातावर हात ठेवला आणि वाटी खाली दाबली.

"मी नेलीय," मी म्हणाले.

"काय नेलंस?"

"वाळू. घमेल्यातून. वर मासे, खाली वाळू. पावणेदोन वर्षं. तुझ्या स्वैपाकघरासमोरून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं मारेल, आणि त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो तोग्बुईंकडे वळला. "तोग्बुई, मला माफ करा. मला ही शपथ घेता येत नाही." मग त्यानं वाटी जपून, एक थेंब न सांडता खाली ठेवली आणि सरळ निघून गेला.

मग फाफाच्या नवऱ्यानं हळूच वळून फाफाकडे पाहिलं. फाफा झाडाच्या शेंड्याकडे काहीतरी फार महत्त्वाचं बघत होती. त्याच्या पलीकडच्यानं आपल्या बायकोकडे पाहिलं. एकेक करून सगळ्या कर्त्या पुरुषांनी माना वळवल्या, आणि सगळ्या बायका कुठं पायाच्या अंगठ्याकडे, कुठं पोराच्या केसांत बघत होत्या. वाटीला कुणी हात लावला नाही. शेवटी तोग्बुई म्हणाले, "म्हणजे घमेली एवढी भरून जातात तरी गावात मासे कमी का, ते मला आज कळलं." कुणाला हसू आलं नाही. दगड आले नाहीत.

एफोनं माझ्याशी बोलणं सोडून दिलं. मी आत आले की तो उठून बाहेर जायचा. मी वाढलेलं जेवायचा नाही. सेनामला मी विचारलं तर ती म्हणाली, "मी मधे पडत नाही बाई, माझंच पीठ भिजलंय." तेरा दिवस हे चाललं. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात तो माझ्याशी तेरा दिवस बोलला नाही असं कधी झालं नव्हतं. जहाजावर होता तेव्हासुद्धा निरोप पाठवायचा.

मला गप्प बसता येत नाही. शपथेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच मी ढकलगाडी मागून आणली, तळ्याकडे गेले आणि माझ्या जोत्यात फावडं घातलं. जे नेलं ते परत आणून टाकायचं, एवढंच मला सुचत होतं. आता लपवायचं नव्हतं, म्हणून वर मासे नव्हते. गाडी भरायची, सडक ओलांडायची, खाचेत रिती करायची, परत यायचं. सकाळी एफो दर्यावर असायचा. दुपारनंतर तो होड्यांपाशी जाळी विणत बसायचा तेव्हा त्याला मी दिसत असेन, पण तो मान वर करायचा नाही. फाफानं आणि आणखी चार-पाच जणींनीही थोडी थोडी वाळू आणून टाकली. फाफा म्हणाली, "अगं जोत्याच्या बुडाला जरा शिल्लक ठेव की." मी म्हणाले, तू तुझं बघ. तळहात सोलवटले, खांदा उतरला, झोपेत फावडं चालायचं. बाराव्या दिवशी जोत्याच्या जागी पुन्हा काळा चिखल दिसला, आणि खाच भरून तिच्यावर वीतभर उंचवटा झाला. मी त्याच्यावर उड्या मारून तो दाबला. मला त्या संध्याकाळी फार बरं वाटत होतं.

अमावास्येच्या दिवशीही आभाळ निळंच होतं. धोका नको म्हणून सकाळीच सगळ्यांनी मिळून एफोच्या घराचे पत्रे, दारं, खाटा काढून सडकेवर आणून ठेवले होते. चारला आम्ही सगळे सडकेवर उभे होतो. एफो आमच्यापासून थोडा दूर, ओठ हलत होते.

"अठरा," तो कुणालाच नाही अशा आवाजात म्हणाला.

पहिली लाट वर चढली, माझ्या वाळूच्या पायथ्याला लागली आणि मागे गेली. उंचवटा उभा होता. फाफानं माझा हात धरला. दुसरी आली ती त्याच्या माथ्यावरून वाहिली, आणि मागे जाताना वरची सगळी सुट्टी वाळू पिठासारखी घेऊन गेली. तिसरीनंतर तिथं काहीच नव्हतं. खाच होती, आधीपेक्षा रुंद. पावणेदोन वर्षं आणि बारा दिवस, आणि दर्यानं त्याला एक मिनिट दिलं नाही. चौथ्या-पाचव्या लाटेला भेग पडलेली भिंत बसली, तिच्यामागे दुसरी. आमच्या बापानं शिंपल्यांचा चुना भाजून बांधलेलं घर ते. मला रडू आलं, आणि मी रडले.

मग माझ्यामागे एफोचा आवाज आला.

"आकु."

तेरा दिवसांनी. मी डोळे पुसून वळले.

"रडणं पुरे," तो म्हणाला. "जायचं ते गेलं, मला ठाऊकच होतं ते जाणार. फाफाची गाडी घे आणि हे पत्रे तळ्याकडे न्यायला लाग. तुझ्या जोत्यावर टाकू. मी मोजून बघितलंय मनातल्या मनात, दोन खोल्या तुझ्या, दोन आमच्या, मधे भट्ट्या. दर्या तिथं अजून पन्नास वर्षं पोचत नाही. चांगलं बांधलंयस तू ते, कुठून का आणली असेनास वाळू."

मी हलले नाही.

"काय झालं?"

"जोतं नाहीये, एफो."

"नाहीये म्हणजे?"

मी पाण्याकडे बोट दाखवलं. पाणी आता आमच्या पायापासून वीस पावलांवर मातकट होऊन फिरत होतं.

"सगळं?"

"सगळं. तळापर्यंत."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. "मला वाटलं दहा-वीस गाड्या टाकतेयस. तुझ्या मनाचं समाधान होईल म्हणून काही म्हटलं नाही. अगं, सुट्टी वाळू लाटेपुढे घटकाभर टिकत नाही, हे कुठलंही पोर सांगेल!"

"मग सांगायचं होतंस ना!"

"तुझ्याशी बोलत नव्हतो मी," एफो म्हणाला.

तो पत्र्यांच्या थप्पीवर बसला. थोड्या वेळानं सरकून त्यानं मला जागा केली आणि मीही बसले. सेनाम खाटेवर बसून आमच्या दोघांकडे बघत होती.

"मग आता आपण राहायचं कुठं?" त्यानं विचारलं, अगदी साधेपणानं, मला ठाऊक असेल असं धरून.